खोलीचा आवाज

माझ्या भाचीने कॉलेजच्या शेवटच्या वर्षासाठी बेळगाव-शहापूरच्या विणकरांवर वीस मिनिटांचा चित्रपट केला. त्याची दीड मिनिटाची झलक, म्हणजे तिच्या भाषेत ट्रेलर, जोडताना तिने मला बोलावले. कारण एवढेच, की तरुणपणी मी हौशी नाटकांना टेपवरून पार्श्वसंगीत देत असे.

"मामा, आजीचं बोलणं कळंनाच झालंय. जरा ऐका की."

आजी म्हणजे माझी आई. चित्रीकरणानंतर चार महिन्यांनी ती गेली.

ऐकले. ढोल, सतार, आणखी कसली कसली वाद्ये. आणि त्या गदारोळाखाली आई हातातली कांडी बाजूला ठेवून काहीतरी सांगते आहे. भाचीने तिचा आवाज वाढवला, तसा तो फाटू लागला. टेपवर काटा थोडा लाल घरात गेला तरी टेप सांभाळून घ्यायची. संगणकात शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही. लाटेचे माथे सपाट कापले जातात. मी म्हटले, "तिला ओरडायला लावू नकोस. बाकीच्यांना गप्प कर." आई बोलते तेवढ्यापुरते संगीत बारा डेसिबलनी उतरवले, म्हणजे लाटेची उंची साधारण पाव राहिली. तेही एकदम नाही, अर्ध्या सेकंदाच्या उताराने. मागाचे चित्र येण्याआधीच धोट्याचा खटका सुरू केला. (ही युक्ती माझी नव्हे. नाटकात घोड्याच्या टापा आधी ऐकू येतात, दूत मग येतो.)

खरी अडचण पुढेच होती. आईच्या दोन वाक्यांमधला खोकला भाचीने कापला होता. तिथे एकदम कान बंद झाल्यासारखे वाटे. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. घड्याळाचा, कौलांवरच्या चिमण्यांचा, गल्लीतून गेलेल्या सायकलचा. जाणकार मंडळी चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोली मुद्रित करून घेतात. भाची ते विसरली होती. आता त्या खोलीत माग नाही. फरशी बसवून ती आम्ही भाड्याने दिली. तो निर्णय माझाच.

मी म्हटले, खोकला परत ठेव. तिने ऐकले नाही, चित्रपट तिचा.

मग मूळ मुद्रण शेवटपर्यंत ऐकत बसलो. बोलणे संपल्यावर यंत्र लगेच बंद झाले नव्हते. दोन-अडीच सेकंद आई नुसती बसून आहे. मग एक श्वास, आणि "झालं काय गं?" आधी श्वासासकट तुकडा उचलून पुढेमागे जोडला, तर तोच श्वास तीनदा. ऐकवेना. शेवटी श्वासाआधीचा सव्वा सेकंद घेतला, त्याच्या कडा दोन्हीकडे विरघळवल्या, तेव्हा भोक बुजले.

"झालं काय गं?" शेवटच्या नामावलीवर घालायचे भाचीच्या मनात होते. मी नको म्हटले. आपल्यावरून लोकांना रडवलेले आईला आवडले नसते.

झलक मोबाईलवर लावून पाहिली. त्या इवल्या स्पीकरमधून मागाचा घुमारा नाहीसा होतो, नुसता खटका उरतो. तो किंचित वर घेतला. साडेअकरा वाजले होते.

ते शेवटचे काही सेकंद भाचीने वेगळे जपून ठेवले आहेत. मी अजून मागितलेले नाहीत.