पाय आणि झडप

अब्बांनी पंचवीस वर्षं रत्नागिरी-पाली मार्गावर वडापची ओम्नी चालवली. नवी गाडी घरी आली आणि परटवण्याच्या चढावर ती त्यांच्याकडून दोनदा बंद पडली, एकदा मागेही सरकली. मागचा रिक्षावाला काय बोलला ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून अब्बा चावी मलाच देऊ लागले. "माझा पाय मंद झालाय रे," एवढंच म्हणाले. ज्या माणसाची अख्खी कमाई पायावर, त्याच्या तोंडून हे ऐकवलं नाही.

पण तीच गाडी मी चालवतो तेव्हा मलाही तसंच होतं. जुन्या ओम्नीत ॲक्सिलेटरची तार थेट कार्बोरेटरच्या झडपेला जोडलेली. पाय दाबला की झडप उघडलीच. नव्या गाडीत तारच नाही. पेडलपाशी दोन सेन्सर असतात (दोन यासाठी, की एकाचं खरं-खोटं दुसऱ्याशी ताडता यावं) आणि ते पाय किती दाबलाय हे फक्त कळवतात. झडप किती उघडायची, ते संगणक ठरवतो आणि मोटर उघडते. या हिशेबाला वेळ लागत नाही. झटका बसू नये, धूर कमी व्हावा म्हणून कंपन्या मुद्दामच झडप जरा सावकाश उघडायला लावतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून धुराचे नियम आणखी कडक झाले. उलटंही होतं: गिअर बदलताना पाय काढला तरी इंजिनचा आवाज क्षणभर तसाच लटकतो, कारण झडप मिटतेही सावकाश.

म्हणजे अब्बांचा पाय वेळेवर पडत होता. उत्तर उशिरा येत होतं, आणि तोवर त्यांनी सवयीने क्लच सोडलेला असायचा.

ओळखीच्या गॅरेजवाल्याने पेडलच्या वायरीत जोडायची एक डबी सुचवली. मला त्यात अर्थ वाटला नाही. ती संगणकाला पाय जास्त दाबलाय असं भासवते. इंजिनची ताकद तेवढीच राहते. त्यापेक्षा झडपेवरची काजळी साफ करून घेतली आणि पेडलखाली सरकणारी मॅट बदलली.

बाकीचं काम रस्त्यावरच झालं. चार रविवार, फजरनंतर, भाट्याचा पूल ओलांडून पुढच्या चढावर. हँडब्रेक ओढायचा, ॲक्सिलेटर थोडा दाबून आवाज चढेपर्यंत थांबायचं, मग क्लच सोडायचा, गाडी ओढू लागली की हँडब्रेक. वरचा गिअर टाकताना ॲक्सिलेटरवरून पाय क्लचच्या किंचित आधी उचलायचा. आंबा घाटात वळणावर पोचण्याआधीच दुसरा गिअर. वळणात शिरून मागितलं तर गाडी विचार करत बसते, आणि समोरून कोल्हापूरची एसटी येत असते.

"म्हणजे आता गाडीला आधी सलाम करायचा, मग काम सांगायचं," अब्बा म्हणाले. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला उतरवून कडेला उभं केलं आणि एकटेच वर गेले.

वय झालं नाही असं नाही. डोळे तपासून घेतले, नंबर वाढलाय. रात्रीचं चालवणं त्यांनी स्वतःहून बंद केलं. दिवसा मात्र बाजार, जुम्मा, पालीला बहिणीकडे, सगळं तेच. अम्मी अजून मागच्याच सीटवर बसते. पुढे बसलं की तिचाही पाय दाबला जातो म्हणे.