अंथरूण पाहून साप पाळावा!

डॉन्कास्टर हे नाव तुमच्या कानावर आलंच असेल, तर ते एखाद्या रेल्वेवेड्या काकांकडून, नाहीतर रेसच्या घोड्यांवर पैसे लावणाऱ्या मामांकडून. 'फ्लाइंग स्कॉट्समन' (1923) आणि वाफेच्या इंजिनांमध्ये वेगाचा विक्रम करणारं 'मॅलार्ड' (1938) ही दोन्ही इंजिनं इथल्याच कारखान्यात तयार झाली. इथली सेंट लेजर ही घोड्यांची शर्यत 1776 पासूनची. पण उत्तर इंग्लंडमधल्या या शहरात मी गेले ती ना इंजिनासाठी, ना घोड्यासाठी. मी गेले सापाच्या गादीसाठी!

थांबा, सांगते.

माझी कॉलेजमधली मैत्रीण लीड्सला आयटीत आहे. एकटी राहते. एकटी म्हणजे ती आणि मक्या. मक्या हा तिचा चार फुटी, केशरी कॉर्न स्नेक. बिनविषारी, स्वभावानं गरीब, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. हे साप मक्याच्या कोठारात उंदरांमागे यायचे म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. ब्रिटनमध्ये कॉर्न स्नेक पाळायला लायसन्स लागत नाही. नाग, फुरसं असलं काही पाळायचं तर 1976 च्या कायद्याप्रमाणे लागतं. पुण्यात तिच्या आईनं ही बातमी ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, "अगं, घरमालकाला माहितीये का?"

तर या मक्याच्या पोटावर लालसर चट्टे उठले. मग फोड. डॉक्टर म्हणाले, स्केल रॉट. तळ सतत ओला राहिला, घाण साचली की पोटाचे खवले असे सडायला लागतात. दुर्लक्ष केलं तर इन्फेक्शन रक्तात जातं आणि साप जातो. औषधं सुरू झाली आणि मक्याची रवानगी कोऱ्या किचन रोलवर झाली. जखमा भरल्या. आता प्रश्न होता, यापुढे त्याच्याखाली काय अंथरायचं? याला म्हणतात सबस्ट्रेट. पेटीच्या तळाशी पसरलेला थर.

वाटतं तेवढं हे किरकोळ नाही. आपण चपला घालतो, पलंगावर झोपतो. साप म्हणजे अख्खा अनवाणी! चालणं, झोपणं, लपणं, सगळं त्या एका थरावर. एक चांगला कॉर्न स्नेक 15 ते 20 वर्षं जगतो. तेवढी वर्षं त्याची जमीन म्हणजे तुम्ही दुकानातून आणलेली पिशवी.

लीड्सहून डॉन्कास्टर ट्रेननं अर्धा-पाऊण तास. रविवार होता आणि रेसकोर्सच्या हॉलमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेळा भरला होता. मिठाईच्या डब्यांसारखे पारदर्शक डबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकात एक वेटोळं. टॅटूवाले दणकट बाप्ये, त्यांचं बोट धरलेल्या चिमुरड्या, स्वेटर घातलेल्या आज्या. आपल्याकडच्या मांजरप्रेमी आजीत आणि यांच्यात फरक एवढाच, की या आज्या उंदीर फ्रीझरमध्ये ठेवतात. ढकलाढकली शून्य, आवाज शून्य. हॉलभर वास मात्र सुताराच्या दुकानाचा!

हा वास होता अंथरुणांच्या स्टॉलचा. तिथले म्हातारेबुवा एकही पिशवी दाखवण्याआधी तीन प्रश्न विचारत होते. साप कुठला? पेटीत गरम-गार किती? पाणी किती वेळा शिंपडता? सगळा फंडा या तीन प्रश्नांत आहे.

कारण अंथरूण चांगलं की वाईट हे साप कुठून आलाय त्यावर ठरतं. आफ्रिकेतला रॉयल पायथन (बाकीचं जग त्याला बॉल पायथन म्हणतं) दमट बिळात रमतो, त्याला ओल धरणारं अंथरूण हवं. कॉर्न स्नेकला खालून कोरडं आणि आत शिरता येईल असं भुसभुशीत काहीतरी लागतं. त्यासाठी अ‍ॅस्पेन या झाडाच्या पांढऱ्या ढलप्या बेस्ट. उग्र वास नाही आणि सापानं बोगदा केला तर तो टिकतो. फक्त ओलं झालं की बुरशी धरतं.

सीडरचं मात्र नावच काढायचं नाही. आपल्याला तो वास छान, फ्रेश वाटतो. पण त्यातली तेलं सापाच्या श्वसनाला बाधतात, आणि कॉर्न स्नेकसारख्या सापांना कामाचं फुप्फुस असतं एकच! पाइनच्या कच्च्या, वास मारणाऱ्या ढलप्याही नकोत. वाळू दिसते झकास, पण हा वाळवंटातला साप नव्हे. उंदरासोबत वाळू पोटात गेली तर आतडं तुंबण्याची भीती. बागेतली माती आणावी, तर सोबत किडे आणि कीटकनाशकं फुकट.

मग हातात आली एक वीट. चॉकलेटी, दाबलेली, पाण्यात टाकली की फुगणारी. नारळाचा भुसा! वर छापलेलं, 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया'. कोकणात आजी जी सोडणं चुलीत सारते, त्यांचाच भाऊबंद यॉर्कशरमध्ये सापाची गादी होऊन बसलेला. मैत्रीण हसली नाही. "मक्याच्या पेटीत हेच होतं," ती म्हणाली. "मी रोज सकाळी पाणी मारायचे. वाटायचं, त्याला आपल्या पावसाळ्यासारखं वाटेल."

म्हातारेबुवांनी तिला दटावलं नाही. नारळ वाईट नाही, त्यांनी समजावलं, रोजचं पाणी वाईट. हाच भुसा रॉयल पायथनला उत्तम. मक्याला अ‍ॅस्पेन घे, दोन-तीन इंच जाड. आणि कोपऱ्यात झाकणाचा एक डबा ठेव, भोक पाडून, आत ओलं शेवाळ. कात टाकायची वेळ आली की तो आपणहून आत जाईल. म्हणजे घर कोरडं आणि ओल हवी तेव्हा ओल. निर्णय सापाचा!

किती साधं आहे ना? आपण ज्याच्यावर जीव लावतो, त्याला आपल्याला आवडतं तेच द्यायला जातो. त्याचं गाव कुठलं, हे विचारायचं राहून जातं.

महिन्याभरानं तिनं फोटो पाठवला. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अख्खी, न फाटलेली कात. ओल जमली की कात अशी एकसंध निघते. आणि खाली मक्याचं पोट, स्वच्छ, मक्याच्या दाण्यांसारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटींचं.

लक्षात ठेवा

नवा किंवा आजारी साप: आधी साधा कागद. विष्ठा, रक्त, गोचिडीसारखे बारीक किडे लगेच दिसतात.

हीटिंग मॅट: थर्मोस्टॅटशिवाय नको. जाड थराखाली उष्णता कोंडते.

जेवण: उंदीर चिमट्यानं किंवा ताटलीत द्या, म्हणजे ढलप्या पोटात जात नाहीत.

सफाई: घाण दिसली की तेवढा भाग त्याच दिवशी काढा. ठरावीक दिवसांनी सगळा थर बदला.

आणि भारतात? नाग, धामण, अजगर असे आपले साप पकडणं, पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. बॉल पायथनसारख्या 'साइट्स' यादीतल्या परदेशी सापांची 2024 च्या नियमांनुसार सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी सक्तीची. घरात साप निघाला तर वनविभागाला कळवा. त्याचं अंथरूण बाहेर आधीच घातलेलं आहे.