मढी, बंगला आणि मांडव

आमच्या गोव्यात मोठ्या देवळाच्या आवारात शिरले की अग्रशाळा दिसते. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कुठेही जा. यात्रेकरूने यावे, वळकटी टाकावी, सकाळी आंघोळ करून देवदर्शन घ्यावे आणि आपल्या वाटेने जावे. मुक्काम म्हणजे काय, याची माझी लहानपणापासूनची कल्पना ही अशी. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातल्या सातपुडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या विश्रामगृहात उतरण्याचा योग आला, तेव्हा सवयीने मी पहिला प्रश्न विचारला, तो हाच की, इथे पूर्वी कोण राहायचे?

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

पत्नीचे माहेर नागपूरचे. तिथून पचमढी काही फार लांब नाही. पचमढी म्हणजे पाच मढ्या. गावाचे नावच मुक्कामाच्या जागेवरून पडलेले! डोंगरात कोरलेल्या पाच गुंफा. लोक म्हणतात, वनवासात पांडव इथे राहिले. संशोधक त्या बौद्ध भिक्षूंच्या मानतात. आपल्या हरवळ्याच्या गुहांनाही आपण पांडवांच्याच म्हणतो, तेव्हा यात नवल ते काय! रानातली प्रत्येक बेवारशी खोली आपण पांडवांच्या नावे करून टाकतो. पण या गुंफांच्याही कितीतरी आधी माणूस याच डोंगरांतल्या खडकांच्या आडोशाला राहात होता. त्याने काढलेली जनावरांची, शिकाऱ्यांची चित्रे अजून तिथल्या दगडांवर आहेत. कुठल्याही नोंदवहीत सही न करता राहून गेलेले ते पहिले मुक्कामी.

नोंदवही आली ती इंग्रजांबरोबर. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून या डोंगराळ मुलखात आले. तात्या मूळचे आपल्या येवल्याचे. त्यांना साथ देणाऱ्यांत इथले आदिवासी जमीनदार भभूतसिंह होते. पुढे भभूतसिंहांना देहदंड झाला आणि त्यांचे रान सरकारजमा झाले. १८६५ मध्ये तेच बोरीचे राखीव जंगल म्हणून जाहीर झाले. देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. तिथल्या सागाची वाखाणणी करताना ते कोणाकडून आणि कसे आले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

याच धामधुमीनंतर, १८६२ मध्ये, कॅप्टन जेम्स फॉरसिथ या अधिकाऱ्याने पचमढीला एक घर बांधले. त्याचे नाव बायसन लॉज. बायसन म्हणजे आपला गवा, गोव्याचा राज्यप्राणी. मध्य प्रांताच्या मुख्य आयुक्ताने, रिचर्ड टेंपलने, त्याला या डोंगरांची पाहणी करायला धाडले होते. फॉरसिथचे मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि ते आजही वाचले जाते. बायसन लॉजमध्ये आता वनखात्याचे संग्रहालय आहे. आत फिरताना माझ्या मनात आले की, हे घर काही हौसेखातर बांधलेले नव्हते. या रानाची मोजदाद करायची, तर मोजणाऱ्याला आधी डोक्यावर छप्पर हवे होते.

पुढे देशभर वनखात्याचे बंगले झाले, तेही याच हिशेबाने. साहेब घोड्यावर, सामान बैलगाडीत किंवा हमालांच्या डोक्यावर, आणि दिवसभराच्या चालीवर पुढचा बंगला. जाड भिंती, उंच छप्पर, चारी बाजूंनी रुंद व्हरांडा. स्वयंपाकघर आगीच्या भीतीने मुख्य घरापासून वेगळे. एक विहीर, एक चौकीदार. कोणता साग तोडायचा, कोणता राखायचा, हे या व्हरांड्यांत बसून ठरले. आपण आज ज्याला ‘साधेपणा’ म्हणून पैसे मोजतो, ती त्या काळातली कामापुरती सोय होती. १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले आणि झाडे मोजणाऱ्यांच्या जागी वाघ बघणारे आले. आपल्यासारखे.

आम्ही उतरलो होतो मढईला. तवा धरणामुळे इथे देनवा नदीचे पात्र फुगून तळ्यासारखे झाले आहे. होडीत बसायचे, पलीकडे उतरायचे, की जंगल सुरू. विश्रामगृह काठावरच. खोलीत दोन खाटा, एक मच्छरदाणी, एक मिणमिणता दिवा. पत्नी म्हणाली, ‘‘अगदी आपल्या जुन्या घरासारखं वाटतंय.’’ मीही खूश होतो.

दुपारच्या फेरीत आमचा वाटाड्या म्हणजे विशीतला एक पोरगा. एका मोठ्या गवताळ माळापाशी गाडी थांबली. गव्यांचा कळप चरत होता. आम्ही दुर्बिणी सरसावल्या. तो मात्र कळपाकडे बघतच नव्हता. पलीकडच्या चिंचेकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘वो इमली है ना साहब, उसके पीछे घर था हमारा.’’

तो धाईंचा. २००५ च्या सुमारास हे गाव उद्यानाच्या बाहेर नेऊन वसवले. मागाहून बोरी, चूरना अशी आणखी गावेही हलली. गावे उठली तिथे कुरणे झाली आणि तिथे हरणे, गवे वाढले, हे खरेच आहे. जंगलाचे भले झाले, हे मी नाकारत नाही. तोही नाकारत नव्हता. बाहेर रस्ता आहे, शाळा आहे, असे त्यानेच सांगितले. आजी मात्र अजून त्या चिंचेची आठवण काढते, म्हणाला.

संध्याकाळी तो शेवटच्या होडीने पलीकडे गेला. नियमच तसा. मी व्हरांड्यात उभा राहून होडी लहान लहान होताना बघत होतो. ज्याचे घर या रानात होते तो रात्री बाहेर, आणि काल गोव्याहून आलेला मी आत. पावती माझ्याकडे होती ना! त्या रात्री झोप लागली नाही. मच्छरदाणी असूनही.

नागपूरला परतल्यावर हे सगळे पत्नीच्या मामांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘जावईबापू, बंगल्यातून काय जंगल दिसते? श्रावणात नागद्वारीले चाला.’’

तर त्या श्रावणात गेलो. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस विदर्भातून हजारो माणसे पचमढीला येतात आणि धूपगडाच्या बाजूने डोंगर उतरत-चढत नागद्वारीच्या गुहांकडे जातात. एरवी ही वाट व्याघ्र प्रकल्पाची, म्हणून बंद. या दिवसांत तेवढी उघडते. धो धो पाऊस, निसरडे दगड, लोखंडी शिड्या. आणि वाटेवर जागोजागी नागपूर-अमरावतीकडच्या मंडळांचे मांडव. ताडपत्रीचे छप्पर, खाली चिखलावर पसरलेली प्लॅस्टिके, मोठ्या पातेल्यात उकळणारी डाळ. मामा स्वतः एका मांडवात आचारी. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, कोणी विचारत नाही. ‘‘जेवा, माऊली’’ एवढेच. मी ओल्या कपड्यांनी एका शेतकऱ्याच्या आणि एका रिक्षावाल्याच्या मधे आडवा झालो आणि गाढ झोपलो.

त्या यात्रेचेही सगळे गोड नाही. मागे प्लॅस्टिकचा ढीग उरतो, आणि एवढी गर्दी वाघाच्या रानाला बारा महिने सोसवणार नाही. म्हणून दार दहा दिवसच उघडावे, हे मला पटते. २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटकांसाठी नवी बांधकामे करायला मनाई केली, हेही योग्यच झाले. जुने बंगले आहेत तेवढे पुरेत.

पण अशा बंगल्यात तुमचा कधी मुक्काम झालाच, तर व्हरांड्यात चहा घेताना चौकीदाराला एकदा जरूर विचारा, की इथे पूर्वी कोण राहायचे? अग्रशाळेत उतरणाऱ्याला आपण पाहुणे आहोत, हे वेगळे सांगावे लागत नाही. रानातल्या बंगल्यात ते मला एका चिंचेच्या झाडाने सांगितले.