चाळणीवर उरलेले सगळेच खडे नसतात

मैत्रिणींनो, ज्वारी चाळायला आपल्या मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. दाणे खाली पडतात. ढेकळं, कचरा नि खडे वर राहतात. पण वर राहिलेलं सगळंच आपण उकिरड्यावर टाकतो का? छे! ते ताटात घेऊन निवडतो, कारण त्यात टपोरे दाणेही असतात. आणि खाली पडलेल्या ज्वारीत एखादा बारीक खडा निसटलेला असतोच. भाकरी कचकच लागली की कळतं.

आरोग्य शिबिरातली तपासणी ही अशीच चाळणी असते. हे लिहायचं निमित्त लातूरच्या माझ्या वहिनींचं. गेल्या वर्षी त्यांनी एका शिबिरात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घेतली. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ आलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. भाऊ गप्प, आई देवापुढे. वहिनींनी तर कोणत्या मुलीला कोणता दागिना, हेही ठरवून टाकलं! पुढच्या तपासणीला मात्र जायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, “आता काय राहिलंय बघायचं?”

मी इथे नांदेडला एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पाचवीच्या वर्गाला शेकडेवारी शिकवायची सवय, तेव्हा वहिनींनाही हिशेबच मांडून दाखवला. तो हिशेब आपल्या शेजारचाच आहे. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी परदेशी संशोधकांच्या सोबतीने एक मोठा अभ्यास सुरू केला. (१९८२ पर्यंत लातूरही याच जिल्ह्यात होतं.) तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी खेड्यातल्या बायका त्यात होत्या. त्यांचे चार गट केले. एका गटात मुखाला पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून पांढरा डाग उमटतो का पाहिलं. दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन तपासल्या. तिसऱ्यात हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी केली. चौथ्या गटाची तपासणी केलीच नाही. ते योग्य होतं का, यावर पुढे टीकाही झाली.

आता आकडे बघा. आम्लाच्या तपासणीत दर हजारी सुमारे १४० बायका ‘पॉझिटिव्ह’ निघाल्या. कर्करोगाच्या आधीचे गंभीर बदल सापडले किती जणींत? सुमारे सात! म्हणजे विसात एक. साध्या सुजेनेही पांढरा डाग उमटू शकतो. विषाणूच्या तपासणीत १०३ पैकी सुमारे नऊ.

वहिनींनी बोटांवर हिशेब केला नि दुसऱ्या दिवशी भावाबरोबर दवाखान्यात गेल्या. तिथे दुर्बिणीतून पाहिलं, छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. नुसती सूज होती.

पण दुसरी बाजूही ऐका. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा कागद ‘निगेटिव्ह’ होता. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, तरी अंगावरून लाल जायला लागलं. “मागे तपासलंय की, काही नाही म्हणाले,” असं म्हणत त्यांनी चार महिने काढले. आता त्यांचे उपचार चालू आहेत. तो निसटलेला बारीक खडा!

मग चाळणीच नको का? तसं मुळीच नाही. उस्मानाबादच्या अभ्यासात आठ वर्षांनी मोजलं, तेव्हा न तपासलेल्या गटात या रोगाने ६४ जणी गेल्या होत्या आणि विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या, त्याहून थोड्या मोठ्याच गटात ३४. बाकीच्या दोन तपासण्यांनी मृत्यूंत असा ठळक फरक पडला नाही. शिवाय ‘नाही’ असं उत्तर मिळालेल्यांत पुढे कर्करोग निघण्याचं प्रमाण विषाणूच्या तपासणीत इतर दोन्हींच्या चौथ्या हिश्शाइतकंच होतं. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी हीच तपासणी सुचवली.

तेव्हा बायांनो, शिबिराला जरूर जा. कोणती तपासणी करणार ते विचारा. ‘पॉझिटिव्ह’ आलं तर रडत बसू नका, ताटात घेऊन निवडायचं अजून बाकी आहे असं समजा आणि पुढच्या तपासणीला जा. ‘निगेटिव्ह’ आलं तर पुढची तारीख कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवा. पण पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, किंवा अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, तर त्या तारखेची वाट पाहू नका. जुना कागद घरीच राहू द्या नि त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे जा.