जुनं दार, नवी भिंत

आज पिकाचं नाही, दाराचं लिहितो. पण कापूस घरात भरणाऱ्यांनी वाचाच.

अमळनेर तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर ३ वर्षांपूर्वी पाडलं. माती गेली, आजोबांच्या हातचं दोन फळ्यांचं सागवानी दार मात्र ठेवलं. एक फळी कापसाच्या काट्यावर टाकली तर ४८ किलो भरली. नव्या घरात सुताराने साध्या ४ इंची बिजागऱ्या मारल्या, एका फळीला तीन. दार झकास बसलं. फक्त आत उघडताना काटकोनात येऊन थांबायचं.

मागच्या श्रावणात रात्री आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. बाजेसकट उचललं, तर दोन्ही फळ्या खोलीत आडव्या उभ्या. बाज वळेना. तिरकी केली तर आप्पा घसरायला लागले, त्यांनी कडी धरून ठेवली. दोनच मिनिटं गेली असतील. आप्पा आता बरे आहेत, पण ती दोन मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

धाकटा भाऊ म्हणाला, विकून टाकू, फ्लश दार लावू. आप्पा जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

माझा राग बिजागरीवर. धुळ्याला आग्रा रोडवरून बेअरिंगच्या भारी बिजागऱ्या आणल्या, ६ नग. दार एका बोटाने फिरायला लागलं, आणि पुन्हा त्याच काटकोनात थांबलं! पैसे वाया. गल्लीतले म्हातारे सुतारनाना बघून म्हणाले, "भिताडले अडी ऱ्हायनं दार, बिजागरीना काय दोष?"

मग उजेड पडला. हे दार पूर्ण उघडायला केलेलंच नव्हतं. जुनी भिंत २ फूट जाड, फळी २ फूट रुंद. फळीलाच वर-खाली लाकडी खुंट होते, खालचा दगडी खळग्यात फिरायचा. काटकोनात उघडलं की अख्खी फळी भिंतीच्या जाडीत मावायची, खोलीत काहीच येत नसे. आता भिंत ९ इंची, आणि चौकट खोलीकडच्या अंगाला. म्हणजे फळी मागे वळून भिंतीलाच टेकायला हवी.

त्यासाठी पार्लमेंट बिजागरी मिळते. उघडून धरली की इंग्रजी एचसारखी दिसते, पिन चौकटीच्या बरीच पुढे असते. किती पुढे, हा खरा हिशेब. आमचं प्लास्टर आणि टाइल चौकटीच्या पुढे दीड इंच, फळीच्या आतल्या आडव्या पट्ट्या १ इंच. एकूण अडथळा अडीच. पिन त्याच्या निम्म्याहून जास्त पुढे पाहिजे, कारण फळी पिनभोवती फिरून पलीकडे गेली की तेवढंच अंतर पुन्हा मिळतं. सव्वा इंच कमीत कमी, आम्ही दीड घेतली. आधी पुठ्ठा कापून, टाचणी लावून फिरवून बघितला. दुकानात जाण्याआधी हे कराच, माझ्यासारखे दोनदा पैसे घालू नका. आणि तुमची चौकट भिंतीच्या मधोमध असेल तर बिजागरी बदलून काही होणार नाही, चौकटच हलवावी लागेल.

पिन बाहेर असली की स्क्रूवर पीळ जास्त येतो. म्हणून फळीला चार लावल्या, त्यातल्या दोन वर जवळजवळ, कारण ओढ वरच्या बिजागरीवर असते. जुना साग दगडासारखा, आधी बारीक भोक पाडा, स्क्रूला साबण चोळा. सरळ पिळाल तर मुंडकं तुटून हातात येईल. फळीचे जुने खुंट नव्या बिजागरीच्या आड येत होते, ते कापावे लागले. त्या वेळी आप्पा उठून मागच्या दारी गेले.

आता बाज सरळ निघते. दिवाळीनंतर खेडा खरेदीवाले आले, तर दोन माणसं गाठोडं धरून न थांबता गाडीपर्यंत गेली. वावटळीत फळी आपटू नये म्हणून भिंतीला हूक मारलेत. संध्याकाळी ते आप्पाच अडकवतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.