सांताक्रूझ! पण लोकलवालं नव्हे...

सांताक्रूझ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? चर्चगेटची स्लो आणि दारात लटकलेली गर्दी. पण याच नावाचं एक बेट पार पॅसिफिक महासागरात आहे. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून साधारण 1000 किलोमीटरवर, गॅलापागोस बेटांमध्ये. इथे गर्दी असते ती रस्ता ओलांडणाऱ्या इग्वानांची. आणि पुएर्तो आयोरा गावातल्या मासळीबाजारात गिऱ्हाइकांच्या आधी हजर असतात सी लायन आणि पेलिकन!

इथे येणारा प्रत्येक जण महाकाय कासवांसोबत फोटो काढतो, निळ्या पायांचा बूबी पक्षी बघतो आणि खूश होऊन परततो. तेही कराच. पण एक दिवस हाताशी असेल, तर बेटाच्या उंच भागात नक्की जा. तिथली खरी स्टार आहे चिखलाची दलदल. हसू नका, या चिखलाने भल्याभल्यांच्या याद्या बदलायला लावल्यात.

किनाऱ्यावर सगळा रखरखाट आणि निवडुंग. गाडी वर चढू लागली की हवा बदलते. जून ते नोव्हेंबर इथे ‘गरुआ’ नावाचं ओलं धुकं उतरतं. थेट पावसाळ्यातलं माथेरानच! माथ्याकडे नेचे, झुडपं आणि मध्येच स्फॅग्नम शेवाळाने भरलेली दलदल.

या हिरवाईत एक जुनं भांडण आहे. मूळचं कोण आणि बाहेरचं कोण? मुंबईत हा विषय काढला की संध्याकाळ वाया जाते. इथे मात्र उत्तर मिळणं फार गरजेचं आहे. बेटांवर मूळच्या वनस्पती सुमारे 500 आणि माणसाने आणलेल्या 800हून जास्त. त्यातल्या काही उघड उघड दादागिरी करणाऱ्या. 1940च्या दशकात क्विनाइनसाठी आणलेला सिंकोना, बागेची शोभा म्हणून आलेली घाणेरी (हो, आपली तीच!) आणि मूळची आपल्या आशिया खंडातली एक रास्पबेरी. त्यांना उपटायलाच हवं, असं बहुतेकांचं मत.

पण काही झाडांचं कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. 1535 साली पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा यांचं जहाज भरकटत इथे पोहोचलं. डार्विन आला 1835मध्ये. त्याने वनस्पती गोळा केल्या खऱ्या, पण मधली 300 वर्षं चाचे आणि व्हेल पकडणारी जहाजं येतच होती. त्यांच्या सामानातून, बुटांतून काय काय उतरलं, त्याची नोंद कोण ठेवणार? त्यामुळे अशा झाडांवर ‘संशयित’ असा शिक्का बसला. आता विचार करा, संशयावरून एखादं झाड उपटलं आणि ते इथलंच निघालं, तर? बेटावरची चूक दुरुस्त करायला शेजारी दुसरं जंगल नसतं, बॉस.

इथे चिखल मदतीला आला. दलदलीत साचलेल्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे परागकण आणि बिया हजारो वर्षं कुजत नाहीत. थरावर थर चढत जातात. संशोधक त्यात पोकळ नळी खुपसतात आणि गाळाची लांब कांडी बाहेर काढतात. जितकं खोल, तितकं जुनं. कार्बन डेटिंगने थराचं वय कळतं आणि परागकण कुणाचा, ते मायक्रोस्कोप सांगतो.

जॅकलीन व्हॅन लीउवेन, कॅथी विलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांताक्रूझच्या उंच भागातल्या चार ठिकाणांचा असा गाळ तपासला. 2008मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निकाल आला. बाहेरच्या किंवा संशयित मानलेल्या सहा वनस्पती माणूस येण्याआधी हजारो वर्षं इथेच होत्या! त्यात आपल्या जास्वंदीची एक पिवळी बहीण आहे. आणि ओसाडीही आहे. पावसाळ्यात आपल्या रस्त्याकडेला जांभळट फुलांचे झुपके घेऊन उगवते ना, तीच. मूळची अमेरिका खंडातली. म्हणजे आपल्याकडे उपरी, तिकडे घरची.

अर्थात, चिखल सर्वज्ञ नाही. काही झाडांचे पराग इतके सारखे, की नेमकी जात ठरवता येत नाही. तिथे बिया शोधाव्या लागतात. आणि पराग सापडला नाही म्हणून झाड नव्हतंच, असंही म्हणता येत नाही.

पुढे 2014मध्ये आणखी एक धक्का. शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे कण गाळात मोजल्यावर दिसलं, की आजच्या काही दलदली पूर्वी उघडी तळी होती. कासवं त्यात लोळायची, म्हणून ती मोकळी राहायची. माणूस आला, कासवं घटली आणि शेवाळाने तळी गिळली. म्हणजे जे ‘अस्सल निसर्ग’ म्हणून जपायचं, तोही काही शतकांपूर्वी वेगळाच होता. आता कासवांची संख्या वाढवताना हा जुना हिशेब कामी येतो.

‘हे आधीपासून असंच होतं’ असं आपण ऑफिसातही सहज बोलून जातो. खरंच होतं का, ते खणून बघणारे थोडेच.

जायचं असेल तर...
कसं जाल : किटो किंवा ग्वायाकिल इथून विमानाने बाल्ट्रा. मग बस, छोटी फेरी आणि साधारण 40 किलोमीटरचा रस्ता थेट पुएर्तो आयोरापर्यंत.
खर्च : परदेशी प्रौढ पर्यटकांसाठी नॅशनल पार्कची फी ऑगस्ट 2024पासून 200 डॉलर.
सामान : विमानतळावर बॅगा तपासतात. फळं, बिया, रोपं घरीच ठेवा.
आणि हो, बूट धुऊन जा. सिंहगडावरचा चिखल तळव्याला चिकटून तिथे पोहोचला, तर उद्याच्या संशोधकांना आणखी एक संशयित शोधावा लागेल!