अडीच सुती बोल्टाची पारख

जुन्या स्पोर्ट्स कारचा बोल्ट निवडताना आधी आटे पाहावे लागतात. लांबी आणि चकाकी नंतर. ब्रिटिश गाड्यांमध्ये हे काम किचकट होते. १८४१ चा व्हिटवर्थ आणि १९०८ चा बारीक आट्यांचा बीएसएफ, दोन्हींचा कोन ५५ अंश. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे युनिफाइड आटे मान्य केले. १९५५ ची एमजीए या नव्या पिढीतली. तिच्या आधीच्या एमजी टी मालिकेच्या इंजिनाने मात्र भल्याभल्या मिस्त्रींना चकवले आहे. एमजीची इंजिने बनवणाऱ्या मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तेव्हा तिथली यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती. म्हणून त्या इंजिनाच्या बोल्टांना आटे मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थच्या पान्याचे. तो बोल्ट साध्या दुकानात मिळत नाही, लेथवर करून घ्यावा लागतो. त्यासाठी नमुना लागतो, तेव्हा मोडका बोल्टही भंगारात टाकू नये.

सर्वाधिक घोटाळा अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची बोल्टाचा. त्याचा व्यास ७.९४ मिमी, आठ एमएमच्या जवळपास तेवढाच. पण बारीक युनिफाइड आट्यांत, म्हणजे यूएनएफमध्ये, इंचाला २४ आटे, बीएसएफमध्ये २२, आणि नेहमीच्या आठ एमएमला दोन आट्यांतले अंतर १.२५ मिमी. चुकीचा नट एक-दोन फेरे सुखाने जातो आणि मग अडतो. तिथे पाना दाबला की आटे गेलेच. जाड आट्यांचे यूएनसी आणि व्हिटवर्थ याहून फसवे: दोन्हींना इंचाला १८ आटे, त्यामुळे नट शेवटपर्यंत बसतो, पण कोन वेगळा असल्याने पकड अपुरी राहते. हाताला हे कळत नाही. आटे मोजायचे गेज लावावेच लागते.

नंतर ताकद. मेट्रिक बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असते, अमेरिकन ग्रेडमध्ये तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. ग्रेड ५ साधारण ८.८ च्या तोडीचा. डोके कोरे असेल तर तो बोल्ट नंबरप्लेटला लावावा, स्टिअरिंगला नव्हे. स्टेनलेसचा मोह अनेकांना होतो. ए२-७० जातीचा बोल्ट ८.८ पेक्षा कमजोर असतो, शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांना चिकटून बसतात. सस्पेन्शनमध्ये तो नको. अतिकठीण बोल्टाला झिंक प्लेटिंग करायचे तर नंतर तो भट्टीत तापवावा लागतो. नाहीतर पोलादात शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो. एक्झॉस्टपाशी नायलॉनचे लॉकनट उष्णतेने वितळतात, म्हणून तिथे पितळी नट. आणि जिथे भार आडवा येतो तिथे आटे नव्हे, बोल्टाची गुळगुळीत दांडी यायला हवी.

बीडजवळ, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या पालीसारख्या गावात एमजीए दुरुस्तीला आली, तर बोल्ट मुंबईहून मागवायची घाई नको. मॅसी फर्ग्युसन ३५ हा ट्रॅक्टरही युनिफाइड आट्यांच्याच काळातला, आणि त्याच घराण्याचे ट्रॅक्टर शिवारात आजही चालतात. ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात अडीच आणि तीन सुती यूएनएफ बोल्ट मागून पाहावेत. मात्र डोक्यावरची खूण आणि दांडीची लांबी जुन्या बोल्टाशी ताडून घ्यावी. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट या हिशेबात धरू नयेत; ते त्याच इंजिनासाठी बनवलेले आणि नवेच घ्यावेत.